हिरोच्या मापाचा शर्ट

आईच्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास यायचा, त्याच्या मागोमाग नव्या कापडाच्या कांजीचा, आणि मग झाकणाच्या आतल्या अंगाला, कणकेच्या खळीनं चारी कोपरे चिकटवलेला तो दिसायचा... एक हात कमरेवर, कपाळावर केसांची बट, अंगात दोन खिशांचा, रुंद कॉलरचा फिकट निळा शर्ट आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू पेटीतून साडी काढायला वाकलेल्या बाईला त्यानंच आत्ता काहीतरी विचारलंय. झाकण भिंतीला टेकवलं की तो सरळ उभा राही. झाकण मिटलं की आईच्या लग्नातल्या हिरव्या साडीवर पालथा होऊन अंधारात पडे. वर्षातून पाच-सहा वेळा त्याला उजेड मिळायचा. तेवढ्यात आई त्याच्याकडे एकदा बघून घ्यायची आणि मग मला म्हणायची, “बाजूला हो गं, झाकण पडंल बोटावर.”

तो त्या काळातला हिरो होता. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. आईनंच इतकी वर्षं घेतलं नाही, तर मी कोण लागून गेले! आमच्या घरात दोन पुरुषांची नावं आई घेत नसे. एक माझ्या वडिलांचं, अण्णांचं. ते तर तेव्हा कुठलीच बाई घेत नसे, फार तर लग्नकार्यात उखाण्यात, तेही पदर तोंडाशी धरून. आणि दुसरं याचं. अण्णा म्हणजे ‘हे’ आणि हा म्हणजे ‘तो’. “छावणीतल्या टॉकीजला त्याचा पिक्चर लागलाय म्हणं,” ती रस्त्याकडे बघत, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात बोलायची. लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मोठ्या माणसांची नावं घ्यायची नसतात, हा तर मोठाच माणूस, एवढा माझा हिशेब होता.

शहागंजच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा शहागंजातल्याच एका कापडदुकानात कामाला होते. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत उभे; ताके उलगडायचे, रुंदीचा पन्हा दाखवायचा, मीटरच्या लोखंडी पट्टीवर कापड ताणून टर्रकन फाडायचं. घरी आले की त्यांच्या अंगाला निळीचा, कांजीचा आणि घामाचा मिळून एक वास असायचा, आणि तो मला इतका आवडायचा की मी त्यांच्या बनियनमध्ये नाक खुपसून बसायची. आई खिडकीशी पायमशीन टाकून बायकांची पोलकी शिवायची. उन्हाळ्यात पत्रा तापला की मशीनच्या तेलाचा वास दुपटीनं सुटायचा आणि खिडकीबाहेरच्या कडुलिंबाचा मोहोर थेट आतल्या कापडावर पडायचा. शिवून झालेल्या पोलक्यातून लिंबाची फुलं निघायची, आणि बायका ती झटकत हसायच्या.

आई सिल्लोडकडची, मेंढपाळाची लेक. तिचे वडील मेंढीला हात न लावता, नुसतं बघून वजन सांगायचे. बाजारात तराजूवर टाकलं तर पाव-अर्धा किलोचा फरक. ती नजर आईकडे आली होती. बाई उंबरा ओलांडून आत येईतो आईला तिचा बाहीचा मुंढा, खांदा, घेर कळलेला असायचा. तरी ती टेप लावायची, कारण टेप लावली नाही तर बायकांना काम पक्कं वाटत नसे. आणि टेप लावायची तिची एक रीत होती. कमरेभोवती टेप आली की झाडून सगळ्या बायका पोट आत ओढून, श्वास धरून उभ्या राहायच्या... सतरा वर्षांची असो की साठीची. आई टेप सैल धरून थांबायची आणि मग हळूच विचारायची, “सासूबाई कशा हायेत आता?” नाहीतर, “पोरगं पास झालं का?” बाई बोलायला लागली की श्वास सुटायचा, पोट आपल्या जागी यायचं आणि तेवढ्यात आई टेप धरायची. आकडा ती कधी तोंडानं बोलत नसे. वहीत लिहायची आणि वही मिटायची. “आकडा ऐकला की बाई घरी जाऊन जेवत नाय,” ती मला म्हणायची.

स्वतःचं माप मात्र त्या वहीत कुठंच नव्हतं. जुनं पोलकं उसवून, त्यावर नवं कापड ठेवून, अंदाजानं चार बोटं वाढवून ती आपलं शिवायची. मी एकदा टेप घेऊन तिच्यामागं लागले, तर म्हणाली, “माझं माप माझ्या डोळ्यात हाय, तू अभ्यास कर.”

गळ्यांचे नमुने बायका सिनेमाच्या साप्ताहिकातून फाडून आणायच्या. ‘असा गळा पाहिजे, वहिनी.’ आईनं त्या कात्रणांची एक वहीच केली होती. हनुवटीपासून कमरेपर्यंत कापलेल्या नट्या, एकीलाही डोकं नाही. डोकं असलेल्या नट्या अण्णांच्या. दुकानाचा मालक दर नव्या वर्षाला कॅलेंडर छापायचा, त्यावर त्या वर्षी जिचं चाललंय ती नटी, दुकानातलीच साडी नेसवावी तशी नेसलेली. अण्णा ते कॅलेंडर कौतुकानं गुंडाळून आणायचे आणि आम्ही जेवायला बसायचो त्या भिंतीवर सगळ्यांसमक्ष लावायचे. वर्ष संपलं की गेल्या सालची खाली उतरायची आणि माझ्या शाळेच्या वह्यांना तिची कव्हरं व्हायची. गणिताच्या वहीवर एकीचे डोळे, भूगोलावर दुसरीचा खांदा... शाळेत बाई ओरडायच्या, मग थोडे दिवस मी आतली कोरी बाजू वर करून घालायची.

अण्णा तसे फार मऊ माणूस. पण एका बाबतीत ते गल्लीतल्या सगळ्या पुरुषांसारखेच बोलायचे. एकदा पेपरात एका नटीचा फोटो आला होता, जी चार वर्षांपूर्वी आमच्या भिंतीवर होती. नव्या सिनेमात तिनं आईचं काम केलं होतं. अण्णा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, “गेली बाई ही. उतरली पार.” आणि ज्याची ती आई झाली होती, तो हिरो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा होता, हे त्यांना ठाऊक असूनही त्यांच्या मनात आलं नाही. आई तव्यावरची भाकरी उलटत होती. त्या संध्याकाळी ती आरशासमोर बराच वेळ बसली आणि कानावरचे दोन पांढरे केस तिनं दोऱ्याच्या कात्रीनं मुळापासून कापले. मी बघतेय हे दिसल्यावर म्हणाली, “काय बघतीस? दोरा चिकटला होता.”

आता शर्टाची गोष्ट.

माझ्या शेवंता मावशीच्या दिराचं लग्न निघालं सिल्लोडला, ऐन वैशाखात. अण्णांनी दुकानातून स्वतःसाठी फिकट निळ्या टेरिकॉटचा तुकडा आणला. हौसेनं, कारण सासरच्या मांडवात मिरवायचं होतं. अण्णांचा शर्ट आई नेहमी त्यांच्या जुन्या शर्टावर ठेवून बेतायची. त्या वर्षी जुना शर्ट पार विरून पोतेऱ्यात गेला होता. “मापाला उभे राहा की,” आई म्हणाली. “दुकानाला उशीर होतोय. तुला काय ठाऊक नाय व्हय माझं माप?” असं म्हणून ते निघून गेले. मग दुपारी आईनं पेटी उघडली. खालचं अस्तर काढायला उघडली, असं ती म्हणाली, पण झाकण तिनं भिंतीला टेकवलं ते मिटलंच नाही. जमिनीवर निळं कापड, तोंडात टाचण्या, हातात खडू. ती एकदा कापडाकडे बघायची, एकदा झाकणाकडे. तेवढ्यात आमच्या शेजारच्या रझिया खाला आपलं पोलकं न्यायला आल्या. दारातच थबकल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “क्या भाभी, हीरो का नाप ले रै क्या?”

आई इतकी लाजली की तिच्या तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या. आम्ही दोघींनी त्या वेचल्या. तिनं झाकण लावलं, पण तोवर खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या.

शर्ट सुंदर झाला. दोन खिसे, त्यावर झडपा, रुंद कॉलर. लग्नाच्या दिवशी सकाळी सिल्लोडला पोचल्यावर अण्णांनी तो पहिल्यांदाच अंगात घातला. खांदे दोन्हीकडून बोटभर खाली उतरले, छातीवर कापडाची झोळी झाली आणि पोटाशी मात्र बटण ताणलं. अण्णा बारीक चणीचे, खांदे उतरते, पोट नुकतं सुटलेलं. आता बदलायला जवळ दुसरा धड शर्ट नव्हता. “चालतंय, लूज हाय जरा,” ते म्हणाले आणि मांडवात जाऊन बसले.

जेवणं उरकल्यावर बायकांचा उखाण्यांचा धांगडधिंगा सुरू झाला. आईची पाळी आली. ‘नाव घे, नाव घे’ म्हणून सगळ्या मागं लागल्या. आई लाजून मागं सरली आणि शेवंता मावशी – तिला जिभेला हाड नव्हतं – टाळी वाजवून ओरडली, “अगं कुणाचं घेऊ म्हून ताई विचारात पडलीया! दोनच नावं घेत नाय ती. एक दाजींचं आन् एक तिच्या पेटीतल्या हिरोचं!” आणि मग तिची नजर पुरुषांच्या घोळक्यात बसलेल्या अण्णांवर गेली. “आगं बया... दाजी! ह्यो तर त्याचाच शर्ट!”

मांडव हसला. वाईट मनानं कुणीच नाही हसलं. कुणीतरी अण्णांच्या खांद्यावरचं रिकामं कापड चिमटीत धरून म्हणालं, “पाव्हनं, हिरो कुठं गेला ह्यातला?” अण्णाही हसले. पण ते हसताना त्यांनी खांदे वर ओढून धरले होते, आणि मग परत निघेपर्यंत ते तसेच ओढलेले राहिले. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मला रडू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. अण्णांनी पाणीसुद्धा न पिता पेटी उघडली, अंगातला शर्ट काढला आणि झाकणावरच्या चित्राशेजारी धरला. दोन खिसे इथंही, तिथंही.

“ह्याच्या मापानं शिवला व्हय?”

“नजरचुकीनं झालं,” आई म्हणाली.

“तुझी नजर चुकत नाय. मेंढक्याची लेक हायेस तू.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं मला जास्त भीती वाटली. “बरं. नाव घे त्याचं.”

आई पिशवीतले कपडे काढायला लागली.

“दूधवाल्याचं घेतीस. घरमालकाचं घेतीस. हा तर परकाच माणूस हाय ना तुला? मग नाव घ्यायला काय होतंय? घे.”

आईचे ओठ हलले. मला आजही दिसतात ते. एक साधं नाव होतं, गल्लीतलं शेंबडं पोरगंही दिवसातून दहादा घ्यायचं. तिच्यानं ते घेववलं नाही. अण्णा बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग असेल म्हणून मी घाबरून बघितलं तर तिथं राग नव्हता. दुकानात गिऱ्हाईक सगळे ताके उलगडायला लावून काहीच न घेता उठून गेलं की त्यांचा चेहरा व्हायचा, तसा झाला होता.

मग आई बोलली. इतकं सलग बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“आन् तुमी? तुमी दर साली नवी आणता, माझ्या डोळ्यासमोर भिताडाला लावता. मी इचारलं कधी? जुनी झाली की तिची कव्हरं करता. पोरीच्या वहीवर डोळे हायेत बघा एकीचे. मी रोज बायकांची मापं घेते, मला ठाऊक नाय व्हय माझं काय झालंय ते? केस पिकले, अंग सुटलं, अडतिसावं लागलं. तुमी जेवता जेवता म्हणता, गेली बाई ही, उतरली. मला ऐकू येतंय. माझं पान कधी उलटायचं ठरवलंय तेवढं सांगा.” आणि मग पेटीकडे हात करून, “तो एकच हाय. दहा वर्सं तोच हाय. उद्या टक्कल पडलं तरी तोच राहील. मी काय माणसं बदलत नाय.”

अण्णांनी झाकण हळूच मिटलं, शर्टाची दुकानातल्यासारखी चोख घडी घातली, पेटीवर ठेवला आणि कामावर निघून गेले. मला वाटलं होतं ते चित्र फाडतील. त्यांनी त्याला बोटही लावलं नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. दोघं माझ्या तोंडून बोलायची. “तुझ्या अण्णाला सांग, पाणी तापलंय.” “तुझ्या आईला म्हणावं, डबा नको आज.” आणि मग एका पहाटे अण्णा तालमीत जायला लागले. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, लंगोट पिशवीत लपवून, विशीतल्या पोरांत जोर काढायला! पोरं हसायची, हे मला त्या पोरांपैकीच एकाच्या बहिणीनं शाळेत सांगितलं. दुकानात त्यांच्याच्यानं ताका उचलेना. भिजवलेले हरभरे खाऊन पोट धरलं. मग कुठूनशी केस काळे करायची पूड आणली. ती उशीला लागली, कॉलरला लागली, कपाळावर एक काळी रेघ दोन दिवस राहिली. आईनं उशीचा अभ्रा धुतला आणि वाटीत तेल कोमट करून माझ्या हातात दिलं. “जा, दंड चोळून दे त्यांचे.” मी चोळायची, ते कण्हायचे, आणि आई चुलीपाशी पाठ करून बसलेली असायची.

दर पंधरा दिवसांनी ते पेटीवरचा शर्ट उचलून आरशासमोर उभे राहायचे. घालायचे, खांदे बघायचे, काढून ठेवायचे. छाती काही वाढत नव्हती. दहा वर्षांच्या पोरीला कळत होतं, तर आईच्या नजरेला काय कळत नसेल?

श्रावणातल्या एका दुपारी मी शाळेतून लवकर आले तर आई खिडकीशी तो शर्ट उलटा करून बसली होती. बाही मुंढ्यापासून उसवलेली. “दार लाव,” म्हणाली. तिनं खांदा पाव इंच आत घेतला, छातीचा घेर काखेखाली तेवढाच दाबला, पोटाशी शिलाईत राखलेली जादा कापडाची माया सोडून थोडं सैल केलं आणि बाही पुन्हा बसवली. इतकी बारीक टीप मी तिला लग्नाच्या पोलक्यालाही मारताना पाहिली नव्हती. उसवलेले दोरे मी एकेक करून वेचले, तिनं ते चुलीत टाकले. “अण्णाला बोललीस तर बघ,” ती म्हणाली. मग शर्टाची घडी घालता घालता, “लई दुखतंय गं त्यांना.”

असं तिनं दिवाळीपर्यंत परत परत केलं, प्रत्येक वेळी थोडं थोडं. अण्णा आरशासमोर उभे राहत आणि त्यांचा चेहरा उजळत जाई. ते तालमीतून येताना शीळ घालायला लागले. पाडव्याच्या दिवशी अभ्यंगस्नान करून, उटण्याच्या वासानं घमघमत, ते तो निळा शर्ट घालून पाटावर बसले. खांदे खांद्यावर, कॉलर गळ्याशी, पोटाशी बटण निवांत. आई निरांजन घेऊन समोर आली.

“बसला का?” त्यांनी विचारलं. सहा महिन्यांत तिच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

“बसला,” आई म्हणाली. “लई बेस बसला.”

ओवाळताना निरांजन कललं, तेलाचा एक थेंब शर्टावर पडला, आणि त्यावरून दोघं इतकी हसली की मला काही कळेना. नव्या वर्षी अण्णांनी कॅलेंडर आणलं ते उलगडलं तर त्यावर धबधबा होता. मालकाकडे बाहेरून आलेल्या कॅलेंडरांच्या ढिगातून त्यांनी तो शोधून काढला असणार. वर्ष सरल्यावर त्या धबधब्याची कव्हरं झाली नाहीत. आईनं तो पेटीच्या झाकणाला आतून लावला, हिरोच्या चित्रावरच. तेवढ्यापुरतं ते प्रकरण मिटलं, असं मी धरून चालले.

मी मोठी झाले, लग्न झालं, गावातच राहिले. मला कुणी आवडायचंच नाही असं नाही. कॉलेजात असताना एका क्रिकेट खेळणाऱ्याचा नुसता आवाज ऐकला तरी मी हातातलं पुस्तक उलटं धरायची. आता पन्नाशीला लागले. माझ्या नवऱ्याच्या मित्रांच्या ग्रुपवर जुन्या नट्यांचे आजचे फोटो येतात, ‘ओळखा पाहू’, आणि खाली हसणारी तोंडं. पाठवणाऱ्याचं स्वतःचं टक्कल पार मानेपर्यंत पोचलेलं असतं. मला हसू येतं आणि चीडही येते. मग अण्णांच्या उशीवरचा तो काळा डाग आठवतो आणि राग टिकत नाही. बिचारे, ह्यांनाही आरसा असतोच की. बायका निदान एकमेकींना सांगतात.

अण्णा थकले, दुकान सुटलं. शेवटच्या हिवाळ्यात मी भेटायला गेले तर अंगणात उन्हाला बसले होते. स्वेटरच्या आत तोच शर्ट, धुऊन धुऊन जवळजवळ पांढरा झालेला. आई आत भाजी निवडत होती. त्यांनी स्वेटर काढला, शर्ट काढला, माझ्यासमोर उलटा केला आणि मुंढ्यावरून बोट फिरवलं.

“हे बघ. सुईची भोकं. एक वळ, दोन, तीन. तीनदा उसवलाय तुझ्या आईनं.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“जन्म कापडात गेला माझा. मला कळणार नाय व्हय?” ते हसले. “छाती अर्धा इंचसुदीक वाढली नव्हती. उलट उतरली होती, जोर काढून काढून.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी शर्ट पुन्हा सुलटा केला. थंडीनं त्यांच्या अंगावर काटा आला होता. “पहिल्यांदा कळलं तवा लई राग आला. मग ती टीप बघितली. इतकी बारीक टीप... ती काय त्या हिरोसाठी मारली नव्हती तिनं.” आणि बटणं लावता लावता, “सांगू नको तिला. बसला म्हणाली ना, बसला.”

फाल्गुनात ते गेले. मी आईला काही बोलले नाही.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. माझ्याकडेच असते. मशीनही इकडंच आलं. ती शिकवते, मी शिवते. अण्णांचं नाव अजूनही घेत नाही. बँकेत साहेबानं विचारलं, “मिस्टरांचं नाव?” तर म्हणाली, “कागदावर हाय की, वाचा.” माझ्या लेकीला, सायलीला, याचं फार हसू येतं. तिच्या मोबाइलच्या पाठीवर परदेशातल्या एका गोऱ्यागोमट्या गाणाऱ्याचा फोटो आहे, आणि होणाऱ्या नवऱ्यानं तिला त्याच गाणाऱ्याचं चित्र असलेला कप वाढदिवसाला आणून दिला. आई तो कप हातात फिरवून बघत म्हणाली, “गुणाचा हाय गं पोरगा.” कोणता, ते तिनं सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात सायलीच्या लग्नासाठी आईचं पोलकं शिवायचं होतं. टीव्ही चालू होता आणि त्यावर तो आला. मुलाखत होती. गाल ओघळलेले, केस डांबरासारखे काळे. आईनं चष्मा पुसून नीट बघितलं आणि त्याचं नाव घेतलं... सरळ, आडनावासकट, खणखणीत, “ह्यानं बाई केस रंगवायचं आता तरी सोडावं.”

“आई! नाव घेतलंस तू त्याचं!”

“मग? तो काय माझा नवरा हाय?”

मी हसत हसत टेप घेऊन उठले. जुनी पोलकी तिला आता कुठलीच होत नव्हती, त्यामुळं माप घेणं भागच होतं. खांदा घेतला, मुंढा घेतला, दंड घेतला. टेप कमरेशी आली आणि माझी आई, हजारो बायकांची मापं घेतलेली बाई, पोट आत ओढून, श्वास धरून उभी राहिली.

“शेवंता मावशीचा फोन आला होता का?” मी विचारलं.

“माझा डाव माझ्यावर खेळू नको,” ती ओठ न हलवता म्हणाली.

मी टेप सैल धरून थांबले. तिच्या मानेवरची कातडी मऊ पडली होती, पांढऱ्या केसांची बारीक गाठ, तिला अजून मशीनच्या तेलाचा वास येतो. इतकी वर्षं जे सांगायचं नव्हतं ते मी तिच्या पाठीमागून सांगून टाकलं.

“आई, अण्णांना ठाऊक होतं. शर्टाचं. त्यांनी मला भोकं दाखवली होती. तीन वळी.”

तिचा श्वास सुटला. टेप माझ्या बोटांत ताणली गेली आणि मी सवयीनं ती धरली. ती टीव्हीकडे तोंड करून उभी होती. तिथं तो अजून काहीतरी सांगत होता आणि ती ऐकत नव्हती.

“चार हायेत,” ती म्हणाली. “एक काखेत हाय. ती नाय दिसली त्याला.”

अण्णांना ‘त्याला’ म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले, आणि त्या पदराआडून हसली, आणि उखाण्याशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या बापाचं नाव घेतलं.

“लई लबाड निघाला किसन.”

मी आकडा वहीत लिहिला. तिनं विचारला नाही, मीही बोलले नाही.